टू-स्ट्रोक इंजिनाची बांधणी : योग्य पॅकिंग कसे निवडावे?

जुन्या दुचाकीचे इंजिन खोलायचे ठरले, की मालकाचे लक्ष प्रामुख्याने पिस्टन, रिंगा, क्रँक आणि बोअरिंग या खर्चिक बाबींकडे असते. पॅकिंगचा संच ही यादीतील शेवटची आणि बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू. दुकानदार देईल ते पाकीट मेकॅनिकच्या हाती ठेवले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत मात्र हा समज महागात पडतो. नव्याने बोअर केलेले इंजिन काही शे किलोमीटरांतच जाम होते, तेव्हा दोष पिस्टनचाच असतो असे नाही. ब्लॉकखाली बसवलेल्या कागदाच्या पातळ तुकड्यातही तो असू शकतो. इंजिन धावत्या गाडीत जाम झाले, तर मागचे चाक अडकून प्रसंग चालकाच्या जिवावर बेततो.

यामाहाची आरएक्स १००, बजाजची जुनी चेतक, राजदूत, येझदी, लुना ही वाहने एकेकाळी महाराष्ट्रातील घराघरांत होती. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. तरीही यांतील अनेक गाड्या आजही जपल्या जातात. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीच्या निमित्तानेही पुष्कळांना इंजिनाचे काम काढावे लागते. कंपनीचे मूळ सुटे भाग दुर्मीळ होत चालल्याने पर्यायी पॅकिंगची निवड हा आता प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकापुढचा प्रश्न झाला आहे.

टू-स्ट्रोकचे वेगळेपण

कंपनीच्या पुस्तिकेत ज्याला गॅस्केट म्हणतात, त्यालाच गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी त्यांत सूक्ष्म फटी राहतात. त्या भरून काढणे हे पॅकिंगचे काम. फोर-स्ट्रोक इंजिनात ब्लॉकखालचे पॅकिंग गळू लागले तर बाहेर तेलाचा ओघळ दिसतो. जमिनीवर डाग पडतात, मालक सावध होतो आणि गाडी दुरुस्तीला जाते.

टू-स्ट्रोकमध्ये तसे होत नाही. या इंजिनात पेट्रोल, हवा आणि टू-टी तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये, ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते तेथे दाबले जाते आणि बाजूच्या ट्रान्सफर पोर्टमधून वर ब्लॉकमध्ये शिरते. म्हणजे चेंबर हा इंजिनाच्या श्वसनमार्गाचाच भाग असतो. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये निर्वात स्थिती निर्माण होते. त्या क्षणी ब्लॉकखालच्या पॅकिंगमध्ये बारीकशी फट असेल, तर कार्ब्युरेटरला वळसा घालून बाहेरची कोरडी हवा आत खेचली जाते.

या हवेबरोबर पेट्रोल येत नाही आणि तेलही येत नाही. मिश्रण विरळ होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि त्याच वेळी वंगण कमी पडते. अॅल्युमिनियमचा पिस्टन बीडाच्या ब्लॉकपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि शेवटी ब्लॉकला धरतो. बाहेर तेलाचा थेंबही पडत नसल्याने मालकाला आधी कल्पना येत नाही.

या धोक्यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पूर्वीपेक्षा किंचित विरळ होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कार्ब्युरेटर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. पूर्वी जी किरकोळ गळती इंजिन सहन करत असे, ती सहन करण्याइतकी सवलत आता उरलेली नाही.

पॅकिंग कोठे, कोणते?

टू-स्ट्रोक दुचाकीत पॅकिंगची ठिकाणे मोजकी असली, तरी प्रत्येक ठिकाणाची गरज वेगळी असते.

हेड पॅकिंग : हेड आणि ब्लॉक यांच्यामधील हे पॅकिंग ज्वलनाचा थेट दाब आणि उष्णता सोसते. येथे तांबे, अॅल्युमिनियम किंवा दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये तंतुमय थर असलेले संमिश्र पॅकिंग वापरतात. काही जुन्या स्कूटरमध्ये हेड पॅकिंग नसते; हेड थेट ब्लॉकवर बसते. अशा इंजिनात ‘सुरक्षितता’ म्हणून पॅकिंग घालू नये.

ब्लॉकखालचे पॅकिंग : ब्लॉक आणि चेंबर यांच्यामध्ये बहुधा तेल जिरवलेल्या खास कागदाचे पॅकिंग असते. येथे उष्णता कमी, पण चेंबरचा दाब आणि निर्वात यांची अखंड ये-जा असते. इंजिनाचे आयुष्य प्रामुख्याने यावर अवलंबून आहे.

रीड व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर फ्लँज : ज्या इंजिनांत रीड व्हॉल्व्ह असतो, तेथे त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग लागते. येथील गळतीचा परिणामही मिश्रण विरळ होण्यातच होतो. चेंबरच्या पॅकिंगइतकीच काळजी येथे घ्यावी.

क्लच कव्हर : यातून गळाले तर गिअरचे तेल बाहेर येते. त्रासदायक, परंतु तातडीने घातक नाही.

सायलेन्सरची रिंग : एक्झॉस्टच्या तोंडाशी तांब्याच्या पत्र्याने मढवलेली किंवा तंतुमय रिंग असते. ती गेल्यास आवाज वाढतो आणि ब्लॉकवर काळे तेलकट ओघळ येतात.

चेंबरचे दोन भाग जेथे जुळतात, तेथे काही इंजिनांत कागदी पॅकिंग असते, तर काहींत केवळ द्रवरूप सीलंट. मूळ रचनेत पॅकिंग नसेल तर ते घालू नये. कारण त्याच्या जाडीमुळे क्रँकच्या बेअरिंगमधील अंतर बदलते. क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील हे पॅकिंगच्या पाकिटात असतीलच असे नाही, पण त्यांचे कामही हवा रोखण्याचेच आहे. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर हवा शिरते. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरचे तेल चेंबरमध्ये ओढले जाऊन धूर वाढतो. म्हणून इंजिन पूर्ण खोलले असेल, तर नवे पॅकिंग आणि जुने सील अशी काटकसर करू नये.

जाडी हे इंजिनाचे माप

पॅकिंग केवळ फट बुजवते असे नाही. त्याच्या जाडीवर इंजिनाची दोन महत्त्वाची मापे ठरतात.

पहिले माप कॉम्प्रेशनचे. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टन सुमारे ९८ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. हेड पॅकिंग मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड घातले, तर पिस्टनच्या वरची जागा जवळजवळ १ घन सेंटिमीटरने वाढते. ही जागा आधी ११ घन सेंटिमीटर होती असे उदाहरणादाखल धरले, तर ९.९ असलेले कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ९.२ वर येते. गाडी सुरू होते, चालते. पण तिचा जोम गेलेला असतो आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

दुसरे माप पोर्टच्या वेळेचे. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच ब्लॉकमधील पोर्ट उघडतो आणि झाकतो. ब्लॉकखालचे पॅकिंग जाड झाले की संपूर्ण ब्लॉक वर उचलला जातो आणि पोर्टही वर जातात. वरील मापाच्या इंजिनात अर्ध्या मिलिमीटरने एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट सुमारे एक ते दीड अंश आधी उघडतात आणि तेवढेच उशिरा बंद होतात. एकावर एक दोन पॅकिंग घालण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्यामुळे हा फरक दुप्पट होतो, कमी वेगातील ओढ घटते आणि गळतीची एक जागा वाढते ती वेगळीच.

पॅकिंग पातळ झाले तर धोका उलटा असतो. पिस्टन वरच्या टोकाला हेडच्या अधिक जवळ जातो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये थोडी जरी ढिलाई असली, तरी वेगात पिस्टन हेडला टेकू शकतो. शिवाय कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोके देऊ लागते.

कथिलाच्या तारेची चाचणी

योग्य जाडी अंदाजाने न ठरवता मोजता येते. नवे पॅकिंग घालून ब्लॉक आणि हेड तात्पुरते कसावे. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी मऊ सोल्डरची, म्हणजे कथिलाची, तार प्लगच्या भोकातून आत घालून तिचे टोक ब्लॉकच्या भिंतीला टेकवावे. गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजमाप घेतले, तर पिस्टन कलण्यामुळे होणारी चूक टळते. क्रँक हाताने सावकाश एक फेरी फिरवली की पिस्टन आणि हेड यांच्यात तार चेपली जाते. चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने मोजावी.

लहान इंजिनांत हे अंतर साधारणपणे १ मिलिमीटरच्या आसपास असते. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असल्यास तोच प्रमाण मानावा. अंतर फारच कमी आले तर जाड पॅकिंग घ्यावे. ते जास्त आले, तर आधी ब्लॉकखाली दोन पॅकिंग तर नाहीत ना, हे पाहावे. ज्या इंजिनाचे हेड किंवा ब्लॉक पूर्वी कधी लेथवर घासलेले आहे, त्यात मूळ जाडीचे पॅकिंगही चुकीचे ठरू शकते. गाडी दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडून घेतलेली असेल, तर ही चाचणी टाळू नये.

बोअरिंगनंतरची अडचण

झिजलेला ब्लॉक बोअर करताना माप पाव-पाव मिलिमीटरने वाढवतात. ५० मिलिमीटरचा ब्लॉक चौथ्या ओव्हरसाइजला ५१ मिलिमीटरचा होतो. हेड पॅकिंगचे मधले भोक या वाढलेल्या बोअरपेक्षा थोडे मोठे असावे लागते. ते लहान राहिले तर पॅकिंगची कड ज्वलनकक्षात डोकावते, तापून लाल होते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवते. परिणामी पिस्टनचा माथा वितळू शकतो. म्हणून बोअरिंग झाल्यानंतरच, ब्लॉक सोबत नेऊन, हेड पॅकिंग खरेदी करावे.

एकाच नावाच्या मालिकेतील सर्व गाड्यांचे पॅकिंग एक नसते. आरएक्स १०० आणि आरएक्स १३५ यांचा बोअर भिन्न असल्याने हेड पॅकिंगही भिन्न आहे. पूर्वीच्या मालकाने मोठा ब्लॉक बसवलेला असू शकतो. त्यामुळे टाकीवरचे नाव न सांगता ब्लॉकचे माप सांगावे. चेतक, जावा आणि येझदी ही नावे अलीकडे नव्या गाड्यांवरही परतली आहेत. आजची चेतक विजेवर चालते, तर नव्या जावा-येझदीची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. दुकानात मागणी करताना जुने टू-स्ट्रोक मॉडेल आणि वर्ष स्पष्ट सांगितलेले बरे.

दुकानात काय पाहावे?

पुण्यातील नाना पेठ किंवा दिल्लीतील करोल बाग अशा बाजारांत एकाच गाडीचे अनेक प्रतींचे संच मिळतात. पाकिटावरील छपाई ही खात्रीची खूण नव्हे. पाकीट उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

कागद चार-पाच ठिकाणी मोजावा. जाडी सर्वत्र सारखी हवी. जुन्या पॅकिंगशी तुलना करताना ते वर्षानुवर्षे दाबले गेले आहे, हे ध्यानात ठेवावे. नवे त्याहून किंचित जाड असणे स्वाभाविक आहे. पॅकिंग ब्लॉकच्या तळावर ठेवून पाहावे. स्टडची भोके जुळली म्हणजे सर्व जुळले असे नाही. ट्रान्सफर पोर्टच्या खाचांमध्ये कागदाची कड येत असेल, तर मिश्रणाचा मार्ग अडतो. किरकोळ कड धारदार पात्याने कापता येते. परंतु पोर्टभोवती कागदाची पट्टी अगदीच अरुंद उरत असेल, तर ते पॅकिंग घेऊ नये.

वीस-पंचवीस वर्षे गोदामात पडून राहिलेला कंपनीचा मूळ माल अनेकांना मोलाचा वाटतो. धातूच्या हेड पॅकिंगबाबत ते खरे आहे. कागद मात्र वाळतो, आक्रसतो आणि वाकवताच तडकतो. रबरी सीलही पडून कडक होतात. या दोन वस्तूंच्या बाबतीत जुन्या अस्सल मालापेक्षा नवा, चांगल्या प्रतीचा माल अधिक भरवशाचा.

संच मिळालाच नाही तर पॅकिंग हाताने कापता येते. सुट्या भागांच्या दुकानात विविध जाडीचा पॅकिंग पेपर मिळतो. तो ब्लॉकच्या तळावर ठेवून तेलकट बोटाने ठसा उमटवावा, भोके पंचने पाडावीत आणि आतील आकार पात्याने कापावा. पोस्टकार्ड, लग्नपत्रिका किंवा खोक्याचा पुठ्ठा वापरून वेळ मारून नेण्याची पद्धत जुनी आहे. असा साधा कागद पेट्रोल आणि तेल शोषून मऊ पडतो. क्लच कव्हरला तो घरापर्यंत पोहोचवील; ब्लॉकखाली तो कधीही घालू नये.

शेलॅक आणि सिलिकॉन

‘दोन्ही बाजूंनी शेलॅक लावून टाका’ हा गॅरेजमधील सर्रास सल्ला. शेलॅक म्हणजे लाखेपासूनचा पदार्थ. पेट्रोलला तो दाद देत नसे, म्हणून ती पद्धत एकेकाळी योग्य होती. परंतु लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि इथेनॉल हे अल्कोहोलच आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या संपर्कात येणाऱ्या जोडावर शेलॅकवर विसंबणे आता शहाणपणाचे नाही.

ट्यूबमधील साधे सिलिकॉन त्याहून वाईट. पेट्रोलमुळे ते फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे चेंबरमध्ये पडतात. चांगल्या सपाट पृष्ठभागावर चांगले कागदी पॅकिंग कोरडे किंवा टू-टी तेलाचा हलका हात फिरवून बसवले, तर वेगळ्या सीलंटची गरज पडत नाही. चेंबरच्या जोडासाठी सीलंट लागत असेल, तर ते पेट्रोलला टिकणारे असल्याचे त्यावर लिहिलेले असावे आणि थर अगदी पातळ द्यावा. क्लच कव्हरच्या पॅकिंगला ग्रीसचा पुसट हात लावल्यास पुढच्या वेळी ते न फाटता निघते.

बसवण्यापूर्वी

जुने पॅकिंग खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा नव्या पॅकिंगलाही बुजवता येत नाही. जुन्या इंजिनांतील पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. म्हणून ते कोरडे घासू नये, काँप्रेसरच्या हवेने उडवू नये. ओले करून हळूहळू काढावे आणि पिशवीत बंद करून टाकावे.

हेड सपाट आहे की नाही, हे जाड काचेवर उलटे ठेवून आणि फीलर गेज सरकवून कळते. किंचित बाक असल्यास काचेवर ४०० क्रमांकाचा ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हेड फिरवून तो काढता येतो. अधिक बाक असल्यास वर्कशॉप गाठावे. जाड पॅकिंग हा वाकड्या हेडवरचा उपाय नव्हे.

तांब्याचे जाड पत्र्याचे पॅकिंग दाबाने कडक झालेले असते. ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होते आणि वापरता येते. संमिश्र किंवा कागदी पॅकिंग मात्र दुसऱ्यांदा वापरू नये. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनेच कसावेत. संमिश्र हेड पॅकिंग असल्यास इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा.

गळतीची परीक्षा

इंजिन फ्रेममध्ये चढवण्यापूर्वी एक चाचणी आवर्जून करावी. कार्ब्युरेटरचे तोंड आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून, गेज असलेल्या हातपंपाने इंजिनात सुमारे ६ पीएसआय दाब द्यावा. त्याहून फार अधिक देऊ नये. सील जागेवरून सरकतात. दाब मिनिटाला १ पीएसआयपेक्षा वेगाने उतरला, तर सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती. या चाचणीला जेमतेम अर्धा तास लागतो. तिच्यामुळे नवा पिस्टन आणि बोअरिंग वाचू शकते.

गाडी रस्त्यावर आल्यानंतरही काही खुणा पाहाव्यात. अॅक्सिलरेटर सोडूनही रेस खाली न येणे, गरम झाल्यावर आयडलिंग आपोआप वाढणे आणि प्लगचे टोक चॉकलेटीऐवजी पांढुरके दिसणे, ही विरळ मिश्रणाची लक्षणे आहेत. अशा वेळी केवळ स्क्रू फिरवून रेस कमी केल्यास लक्षण झाकले जाते, रोग राहतो. चालत्या गाडीत इंजिन एकाएकी जड झाल्याचे जाणवताच क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी आणि थंड झाल्यावर ‘चालू होते आहे’ म्हणून पुढे न जाता कारण शोधावे.

खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे
• बोअरिंग आधी, हेड पॅकिंग नंतर. ब्लॉक सोबत न्यावा.
• मॉडेल, वर्ष आणि बोअरचे माप लिहून न्यावे.
• जाडी मोजून घ्यावी. एकावर एक दोन पॅकिंग घालू नयेत.
• क्रँकचे दोन्ही ऑइल सील नवे घ्यावेत.
• ब्लॉकखाली व कार्ब्युरेटरजवळ शेलॅक किंवा साधे सिलिकॉन नको.
• कथिलाच्या तारेची आणि दाबाची चाचणी झाल्याशिवाय मेकॅनिककडून गाडी ताब्यात घेऊ नये.